फाईलवरचं प्रश्नचिन्ह: डिमेन्शियाचं पक्कं निदान माणूस गेल्यावर का होतं?

आमच्या आत्याची फाईल अजून घरात आहे. फाईल म्हणजे साडीच्या दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात सहा वर्षांचे कागद. सगळ्यात जुन्या चिठ्ठीवर फॅमिली डॉक्टरांनी ‘वयोमानानुसार विस्मरण’ लिहिलंय. दोन वर्षांनंतरच्या कागदावर न्यूरॉलॉजिस्टच्या तिरक्या अक्षरात ‘प्रॉबेबल अल्झायमर्स’ आहे आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. शेवटच्या वर्षी तिसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय उजेडाला धरून पाहिला आणि ‘मिक्स्ड डिमेन्शिया’ असं लिहून दिलं.

मधल्या काळात आत्याला दिवेलागणीला माळ्यावर दोन पोरं बसलेली दिसायची. “उतरा रे, पडाल,” म्हणायची आणि त्यांच्यासाठी बशीत दोन बटरं काढून ठेवायची. रात्री झोपेत हातपाय झाडायची. एकदा तिनं शांत राहावं म्हणून दिलेल्या गोळीनं ती दोन दिवस लाकडासारखी ताठ होऊन पडली. ती गेली तेव्हा तिला नेमका कुठला आजार होता हे आम्हाला माहीत नव्हतं. ते कळू शकतं, हेही माहीत नव्हतं.

हे आठवायचं कारण म्हणजे अल्झायमरच्या रक्तचाचणीची बातमी. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं अशा पहिल्या चाचणीला मंजुरी दिली, आणि ‘आता थेंबभर रक्तात अल्झायमर कळणार’ असे निरोप आपल्या फॅमिली ग्रुपांवर फिरायला लागले. बातमी खरी आहे. थेंबभर रक्ताचं म्हणाल तर शिरेतून नेहमीसारखीच सुई टोचून रक्त काढतात, आणि चाचणी विसराळूपणाची लक्षणं असलेल्या ५५ वर्षांवरच्या माणसांसाठी आहे. मला प्रश्न पडला तो वेगळाच. ही चाचणी बरोबर उत्तर देते, हे ठरवलं कशावरून?

## ताप आणि मलेरिया

आधी एक घोळ मिटवू. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हे एका रोगाचं नाव नाही. ‘ताप’ हा शब्द जसा आपण वापरतो तसाच हा शब्द आहे. ताप मलेरियाचा असतो, टायफॉईडचा असतो, डेंग्यूचा असतो. स्मरणशक्ती, विचार, बोलणं, रोजचे व्यवहार हळूहळू ढासळत जाणं म्हणजे डिमेन्शिया, आणि तो वेगवेगळ्या रोगांनी होतो. अल्झायमर त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा. शिवाय मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबून होणारा आहे, लेवी बॉडी नावाच्या कणांमुळे होणारा आहे, कपाळामागच्या भागापासून सुरू होऊन आधी माणसाचा स्वभावच बदलून टाकणारा आहे.

मलेरिया आहे का हे रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की दिसतं. मेंदूचं तसं करता येत नाही. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून बघणं क्वचितच, फार मोठी गरज असेल तरच केलं जातं. म्हणून डॉक्टर बाहेरून अंदाज बांधतात: घरच्यांची हकीकत ऐकतात, घड्याळ काढायला सांगतात, स्कॅन बघतात. १९८४ साली अल्झायमरच्या निदानाचे नियम पहिल्यांदा नीट लिहिले गेले, त्यात तीन पायऱ्या होत्या. ‘शक्य’, ‘संभाव्य’ आणि ‘निश्चित’. यातला ‘निश्चित’ हा शब्द मेंदूची ऊती प्रत्यक्ष तपासल्याशिवाय वापरायचा नाही, असा दंडक होता. आत्याच्या फाईलवरचं ‘प्रॉबेबल’ तिथून आलेलं. डॉक्टरांनी पुढे काढलेलं प्रश्नचिन्ह हा त्यांचा प्रामाणिकपणा होता. आम्हाला तेव्हा तो हलगर्जीपणा वाटला.

## किलोचं वजन कुणी तपासलं?

भाजीवालीच्या तराजूतलं किलोचं वजन खरंच किलोभर आहे कशावरून? त्याच्यावर वजनमापवाल्यांचा शिक्का असतो. त्या निरीक्षकाकडचं वजन वरच्या कार्यालयातल्या वजनाशी ताडलेलं असतं, ते आणखी वरच्याशी. ही साखळी कुठेतरी जाऊन थांबावी लागते, नाहीतर सगळा बाजार हवेत.

नव्या रक्तचाचणीचंही असंच आहे. ती रक्तातल्या दोन प्रथिनांचं प्रमाण मोजते. तिचा निकाल बरोबर की चूक हे पेट स्कॅनशी किंवा पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीशी ताडून ठरवलं. मग पेट स्कॅन बरोबर कशावरून? या स्कॅनसाठी शिरेतून एक किरणोत्सारी औषध देतात, ते मेंदूतल्या अमायलॉईड नावाच्या चिकट प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि पडद्यावर उजळतं. त्यातल्या पहिल्या औषधाला अमेरिकेत २०१२ मध्ये परवानगी मिळाली. त्याआधी काय केलं होतं? ज्यांच्या हाती काही महिनेच उरलेत अशा माणसांना विचारलं: आत्ता स्कॅन करून घ्याल का, आणि गेल्यावर मेंदू तपासू द्याल का? माणसं हो म्हणाली. अशा ५९ जणांचे मेंदू नंतर उघडून स्कॅनमध्ये दिसलेलं आणि प्रत्यक्षातलं जुळतं का ते पाहिलं गेलं.

साखळी तिथे थांबते. शेवटचं वजन म्हणजे एका टेबलावर ठेवलेला, गेलेल्या माणसाचा मेंदू.

## पालक खाणारी बाई

या रोगाचा इतिहासही तिथूनच सुरू होतो. नोव्हेंबर १९०१. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर आलोइस अल्झायमर तिच्या शेजारी बसून प्रश्न विचारत आणि उत्तरं जशीच्या तशी टिपून ठेवत. नाव काय? आउगुस्ट. आडनाव? आउगुस्ट. नवऱ्याचं नाव? बहुधा आउगुस्ट. दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात असताना त्यांनी विचारलं, काय खाताय? म्हणाली, पालक.

अशी टिपणं अनेकांनी अनेक रुग्णांबद्दल लिहिली असतील. अल्झायमर पुढे म्युनिकला गेले, पण या बाईचा त्यांना विसर पडला नाही. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू आणि कागदपत्रं म्युनिकला मागवून घेतली. पातळ काप काढून त्यांना चांदीच्या क्षारांचा रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि दोन गोष्टी दिसल्या.

पहिली म्हणजे पेशींच्या बाहेर साचलेले पुंजके. यांना प्लाक म्हणतात. दातांवर साचतो तोच शब्द. पाटाच्या पाण्यात जागोजागी गाळ बसावा तसं अमायलॉईड तिथे बसलेलं असतं. दुसरी म्हणजे पेशींच्या आत झालेले गुंते. प्रत्येक मज्जापेशीत माल वाहून नेणारे बारीक रूळ असतात आणि ते जागेवर धरून ठेवायचं काम टाऊ नावाचं प्रथिन करतं. रोगात टाऊ रुळांवरून सुटतो, स्वतःतच पीळ पडून त्याचा गुंता होतो, वाहतूक थांबते आणि पेशी मरते. त्या नोव्हेंबरात अल्झायमरनी हे एका परिषदेत सांगितलं. १९१० मध्ये त्यांचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात रोगाला त्यांचं नाव दिलं.

आउगुस्टची फाईल हरवली होती, ती १९९५ साली फ्रँकफुर्टला सापडली. तिच्या मेंदूच्या काचा नंतर म्युनिकमध्ये मिळाल्या. नव्वद वर्षांनी त्या काचा पुन्हा तपासता आल्या आणि अल्झायमरना जे दिसलं होतं तेच पुन्हा दिसलं. मेंदू जपून ठेवायचा तो यासाठी. प्रश्न आज विचारला जात नसेल, पण पुढे कुणी विचारला तर उत्तर जागेवर हवं.

## बँकेत नेमकं होतं काय

ब्रेन बँक, म्हणजे दान केलेले मेंदू तपासून जपून ठेवणारी संस्था, म्हटलं की डोळ्यांसमोर बरण्यांची रांग येते. बरण्या असतात, पण खरं काम घड्याळाशी असतं.

माणूस गेल्यावर मेंदूतली रसायनं लगेच विस्कटायला लागतात. त्यामुळे मेंदू काही तासांत काढावा लागतो. नेदरलँड्समधली बँक १९८५ पासून हे काम करते आणि सहा-सात तासांच्या आसपास मेंदू काढून होतो, अशी तिथे व्यवस्था बसवलेली आहे. तोवर पार्थिव थंड ठेवायचं असतं. एका कानामागून दुसऱ्या कानामागपर्यंत डोक्याच्या मागच्या बाजूनं छेद घेतात, कवटीची टोपी करवतीनं उचलतात, मेंदू काढतात, टोपी परत बसवतात, टाके घालतात.

ताजा मेंदू हातात घेतला तर खरवसासारखा वाटतो. नुसता टेबलावर ठेवला तरी स्वतःच्याच वजनानं पसरतो. वजन साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम. बराच पुढे गेलेल्या अल्झायमरमध्ये कधीकधी हजारच्याही खाली. तो मधोमध कापतात. एक अर्धा भाग फॉर्मॅलिनमध्ये दोन-तीन आठवडे मुरतो आणि उकडलेल्या अंड्याइतका घट्ट होतो. निदान या अर्ध्यावर होतं. दुसऱ्या अर्ध्याचे बोटभर जाडीचे काप करून उणे ८० अंशांवर गोठवतात. हा अर्धा संशोधकांसाठी, कारण जनुकं आणि प्रथिनं मोजायची तर फॉर्मॅलिन न लागलेली ऊती चांगली.

वीज जाण्याची भीती सगळीकडे सारखीच असते. २०१२ मध्ये बॉस्टनजवळच्या एका नामांकित बँकेतला फ्रीझर बंद पडला. बाहेरचा आकडा सगळं ठीक असल्याचं दाखवत राहिला, आत सुमारे दीडशे मेंदू वितळले. त्यातले बरेच ऑटिझम असलेल्यांचे होते, आणि ते जमवायला वर्षंच्या वर्षं गेलेली.

घट्ट झालेला अर्धा भाग पाव कापावा तसा कापून आधी नुसत्या डोळ्यांनी बघतात. कानाच्या आतल्या बाजूला, समुद्रघोड्यासारखा वळलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी तिथे घडतात. अल्झायमरमध्ये तो आक्रसतो आणि शेजारची पोकळी मोठी दिसते. मेंदूच्या देठात एक काळसर पट्टा असतो, तो पार्किन्सन आणि लेवी बॉडीच्या रोगात फिका पडतो. मोहरीएवढी छिद्रं दिसली तर बारीक रक्तवाहिन्या तुंबल्याचा संशय येतो. मग ठरलेल्या जागांचे तुकडे मेणात बसवून केसाहूनही कितीतरी पातळ काप काढतात आणि प्रत्येक रोगाचं प्रथिन नेमकं ओळखणारे रंग देतात. अहवाल यायला काही महिने लागतात.

रोग कुठवर पोचला हेही यात कळतं. सांगलीतल्या घरांच्या भिंतींवर २००५ आणि २०१९च्या पुराच्या रेघा असतात ना, तसंच. १९९१ साली जर्मनीतल्या ब्राक दांपत्यानं टाऊच्या गुंत्यांच्या अशा सहा रेघा आखून दिल्या. पाणी आधी हिप्पोकॅम्पसच्या शेजारी शिरतं, मग हिप्पोकॅम्पस, आणि शेवटी मेंदूच्या पृष्ठभागावरचे भाग बुडतात. आधी नावं-तारखा जातात आणि बोलणं-ओळखणं नंतर, त्याचं कारण या रेघांत सापडतं.

## डॉक्टर किती वेळा चुकतात?

अमेरिकेतल्या खास अल्झायमर केंद्रांत तपासलेल्या नऊशेहून जास्त माणसांची आयुष्यातली निदानं त्यांच्या मेंदूंशी ताडून पाहिली गेली. २०१२ मध्ये ते आकडे प्रसिद्ध झाले. खरोखर अल्झायमर असलेल्या शंभरांपैकी ७१ ते ८७ जण बरोबर ओळखले गेले होते. निदानाचे निकष किती कडक धरले यावर आकडा हलतो. अल्झायमर नसलेल्या शंभरांपैकी मात्र ४४ ते ७१ जणांनाच ‘हा अल्झायमर नाही’ असं बरोबर सांगता आलं होतं. आणि ही तज्ज्ञांची केंद्रं. दहा मिनिटांच्या ओपीडीचं सोडाच.

यात डॉक्टरांचा दोष फारसा नाही. म्हाताऱ्या मेंदूत एकच रोग सुखानं नांदतो असं होत नाही. जुना वाडा कोसळला की गावात चर्चा होते: वाळवीनं खाल्लं, की गळक्या कौलांनी, की भिंतीत शिरलेल्या पिंपळानं? बहुतेक वेळा तिघांनी मिळून. मेंदूंचंही तेच निघालं. अल्झायमरचा गाळ, तुंबलेल्या रक्तवाहिन्या, लेवी बॉडी असं दोन-तीन प्रकारचं एकाच डोक्यात सापडणं वृद्धांमध्ये नित्याचंच आहे. २०१९ मध्ये तर संशोधकांनी एका वेगळ्याच रोगाला ‘लेट’ हे नाव दिलं. ऐंशीच्या पुढच्या माणसांत तो दिसतो, वागणं हुबेहूब अल्झायमरसारखं, पण प्रथिन निराळं. आजवर ‘अल्झायमर’ म्हणून गेलेल्या कित्येकांना तो असणार. मेंदू जपून ठेवले नसते तर तो वेगळा काढताच आला नसता.

फरक पडतो का? माळ्यावरच्या पोरांकडे परत जाऊ. स्पष्ट आकाराची माणसं-मुलं दिसणं, झोपेत हातपाय झाडणं, आणि भास थांबवायच्या काही औषधांनी शरीर ताठून जाणं, ही लेवी बॉडीच्या रोगाची ओळखीची लक्षणं आहेत. हॉलिवूडचे नट रॉबिन विल्यम्स यांना मे २०१४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं, ऑगस्टमध्ये त्यांनी जीवन संपवलं, आणि शवविच्छेदनात लेवी बॉडी मेंदूभर पसरलेल्या आढळल्या. भीती, संशय, झोप उडणं, हे सगळं एकाच रोगाचं होतं हे त्यांच्या पत्नीला तेव्हा कळलं. आत्याला तेच होतं असं मी म्हणत नाही. म्हणूच शकत नाही, कारण आम्ही बघितलंच नाही.

## “गेल्यावर कळून उपयोग काय?”

हा प्रश्न पहिल्यांदा येतो आणि तो रास्त आहे. गेलेल्याला उपयोग शून्य. मागे राहिलेल्यांना कधीकधी मोठा: काही प्रकार आनुवंशिक असतात, आणि ‘आईला नक्की काय होतं’ हे मुलांना पुढच्या तपासणीसाठी लागतं. नुसतं मन शांत व्हायलाही लागतं.

पण खरा उपयोग लांबचा आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना डोनेपेझिल ही गोळी माहीत असेल, रात्री झोपताना देतात. १९७६ साली एडिंबरामध्ये पीटर डेव्हिस यांनी आणि त्याच सुमारास न्यूकॅसल आणि लंडनमध्ये इतरांनी अल्झायमरनं गेलेल्यांच्या मेंदूंमध्ये एक कमतरता मोजली. पेशी एकमेकींना निरोप धाडायला वापरतात ते एक रसायन बनवणारा घटक तिथे फार कमी झालेला होता. मग जे थोडं रसायन उरलंय ते मोडू द्यायचं नाही, अशा औषधांचा शोध सुरू झाला आणि १९९६ मध्ये डोनेपेझिलला परवानगी मिळाली. गोळी रोग बरा करत नाही, थोडा काळ हात देते. पण आपल्या औषधांच्या डब्यातली ती पट्टी गेलेल्या माणसांच्या मेंदूंतून आली आहे.

त्याआधीचं न्यूकॅसलचंच एक काम मला जास्त मोठं वाटतं. म्हातारपणीचं विस्मरण म्हणजे रक्तवाहिन्या कडक होणं, आणि अल्झायमर म्हणजे पन्नाशीतला दुर्मीळ रोग, अशी समजूत होती. साठच्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी वृद्धांची जिवंतपणी परीक्षा घेतली आणि नंतर त्यांच्या मेंदूंतले प्लाक मोजले. आजोबांचं ‘म्हातारचळ’ आणि आउगुस्टचा रोग बऱ्याचदा एकच असतो, हे तेव्हा दिसलं.

मेंदू कधी उलट साक्षही देतात. अमेरिकेतल्या ६७८ नन्सनी दरवर्षी स्मरणशक्तीची परीक्षा द्यायची आणि मृत्यूनंतर मेंदू द्यायचा, हे कबूल केलं होतं. त्यातल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत डोकं तल्लख. मेंदू उघडला तर प्लाक आणि गुंते भरपूर. वाळवी लागूनही वाडा उभा! उलट टोकाचं उदाहरण लशीचं. २००० च्या सुमारास अमायलॉईडविरुद्ध लस माणसांवर आजमावली गेली. काहींच्या मेंदूला सूज आली म्हणून ती थांबवावी लागली. पुढे लस घेतलेल्यांपैकी आठ जणांचे मेंदू तपासले, तर काहींतले प्लाक जवळपास धुऊन निघालेले. तरीही ती माणसं डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यातच गेली होती. गाळ काढला, पण उशिरा काढला, की गाळ हे मूळ दुखणंच नव्हे? आजची अमायलॉईड काढणारी महागडी औषधं सुरुवातीच्या टप्प्यातच का देतात, त्या वादात या मेंदूंचा मोठा वाटा आहे.

कोलंबियातल्या एका खेड्यापाड्यांत पसरलेल्या मोठ्या कुटुंबात एका जनुकदोषामुळे चाळिशीतच स्मृती जायला लागते. त्यातली एक बाई सत्तरीपर्यंत धडधाकट राहिली. २०२० मध्ये ती गेल्यावर तिच्या मेंदूत गाळ खच्चून भरलेला दिसला, पण टाऊचे गुंते बऱ्याच भागांत कमी होते. एका दुसऱ्या जनुकातल्या दुर्मीळ बदलानं तिला वाचवलं असावं असं संशोधक मानतात, आणि त्या बदलाची नक्कल औषधातून करता येईल का यावर काम चालू आहे.

## “हे सगळं उंदरांवर करा की”

करतात. पण उंदराला आपोआप अल्झायमर होत नाही. त्याच्यात माणसाचं बिघडलेलं जनुक घालून गाळ तयार करावा लागतो. असे कितीतरी उंदीर बरे झाले, माणसं राहिली.

## मेंदूची साक्ष तरी पूर्ण खरी का?

नाही, आणि हे मोकळेपणानं सांगायला हवं. मेंदू बँकेत दिसतो तो शेवटचा क्षण. सामना संपल्यावरचा फलक बघून पहिल्या षटकात काय झालं हे सांगायचं, असा प्रकार. दुसरं, मेंदू कोण देतं? ज्यांना शंका असते तेच जास्त. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये डोक्याला वारंवार मार बसून होणारा रोग आढळला, हा २०१७ मधला आकडा गाजला. पण त्यातल्या बहुतेकांच्या घरच्यांनी मेंदू दिला तो त्रास दिसत होता म्हणूनच. सगळ्या खेळाडूंत इतकं प्रमाण आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

तिसरं, हकीकतीशिवाय मेंदू अर्धामुर्धाच. कधी सुरू झालं, आधी काय गेलं, कुठल्या गोळीनं काय झालं, हे कागद सोबत नसतील तर पॅथॉलॉजिस्टपुढे नुसता गाळ उरतो. आमच्याकडे उलटं झालं. पिशवीभर कागद आहेत.

## देहदान केलंय, मग हे झालंच ना?

नाही. महाराष्ट्रात देहदान आणि नेत्रदान पुष्कळ रुजलंय, म्हणून हा गैरसमज होतो. देहदानातलं पार्थिव शरीररचना शिकायला जातं, तिथे ते फॉर्मॅलिन भरून टिकवतात. मेंदूतून रोगाचं निदान करून घरी अहवाल पाठवायची ती व्यवस्था नव्हे. उलट, शवविच्छेदन झालेला देह वैद्यकीय महाविद्यालयं सहसा घेत नाहीत, त्यामुळे दोन्हीपैकी काय हवं ते आधीच विचारून ठेवावं लागतं. ‘मेंदूमृत’ माणसाचं अवयवदान हाही वेगळा विषय. त्यात हृदय, मूत्रपिंडं दुसऱ्याला बसवतात. मेंदू तर आधीच गेलेला असतो. मेंदूदान नेहमीच्या मृत्यूनंतर होतं आणि ते कुणाला बसवण्यासाठी नसतं.

चेहरा बिघडत नाही. टाके केसांत आणि डोक्याखाली झाकले जातात, दर्शन घेता येतं, काही तासांनी विधी करता येतात. धर्माचं विचाराल तर मी शास्त्री नाही; पण डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळं जन्मतात म्हणणारी पिढी आमच्याच घरात होती आणि त्याच घरात आज चार जणांची नेत्रदानाची कार्डं आहेत.

सही मात्र लवकर करावी लागते. डिमेन्शिया झालेल्या माणसाला काही वर्षांनी संमती कशाला देतोय हेच कळत नाही. आणि सही असली तरी प्रत्यक्षात फोन करायचा असतो तो घरच्यांनीच, रडारडीच्या ऐन तासात.

## आपल्याकडे

भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, असा राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदू बँक म्हटलं की पहिलं नाव येतं ते बंगळुरूच्या निम्हान्सचं. डॉ. एस. के. शंकर यांनी १९९५ मध्ये ती उभी केली. तिथल्या संग्रहालयात सामान्य माणसालाही खराखुरा मेंदू हातात घेऊन बघता येतो.

जगातल्या बँकांत मात्र बहुतांश मेंदू गोऱ्या, शिकल्यासवरल्या लोकांचे आहेत. त्यांच्यावरून ठरवलेलं ‘वजन’ आपल्याला तंतोतंत लागू पडेलच असं नाही. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाबाचं प्रमाण निराळं, शिक्षण निराळं. वाळवी, पाणी आणि पिंपळ यांचा हिशोब निराळा निघू शकतो.

गेल्या दिवाळीत मी आईला हे सगळं सांगितलं. ती चकल्यांची भाजणी मळत होती. “मला काय झालंय? माझा कशाला हवाय त्यांना?” म्हणाली. मी म्हटलं, निरोगी मेंदूच सगळ्यात कमी मिळतात. रोग्याचा मेंदू ताडून बघायचा तर शेजारी धड मेंदू नको का? तिनं सोऱ्यात पीठ भरलं, झाकण फिरवलं.

“बरं,” म्हणाली, “पण कोल्हापूरहून बंगलोरला न्यायचं कसं? सहाशे किलोमीटर. आणि तू म्हणतोस सहा तास.”